‘थांबा’ कुठे म्हणायचे? सिकलसेलचे घर आणि विद्यार्थ्यांचे नाटक

सिकलसेलवरचे पथनाट्य आपल्या वस्त्यांना नवीन नाही. डफ वाजतो, चार मुले गोल करून उभी राहतात, एक जण आजारी पडतो, दुसरा अंगारा लावतो, तिसरा डॉक्टर होऊन येतो आणि शेवटी सगळे मिळून ‘रक्त तपासा’ अशी घोषणा देतात. लोक टाळ्या वाजवून घरी जातात. या पथनाट्यांनी तपासणी शिबिरांना माणसे आणली, हे मान्यच आहे. पण ज्या घरात तपासणी होऊन पाच वर्षे झाली, तपासणीचे कार्ड ट्रंकेत पडून आहे आणि दर हिवाळ्यात पोरगा रात्रभर पाय धरून रडतो, त्या घराने रोज कसे वागायचे हे पथनाट्यात येत नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही वेगळ्या पद्धतीचे नाटक मांडत आहोत. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी ते विहारात, वसतिगृहात किंवा वर्गात करायचे. त्यात बघणाऱ्याला मधेच उठून भूमिका करता येते.

आधी आजाराची उजळणी करू, कारण सूत्रधाराला ती तोंडपाठ हवी. आपल्या रक्तातली लाल पेशी गोल आणि लवचिक असते, साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि १० ते २० दिवसांतच फुटतात. म्हणून अंगात रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की त्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होते. थंडी, कडक ऊन, पाणी कमी पिणे, ताप, अतिश्रम, गार पाण्यात पोहणे यांतून ही वेदना उसळते. बाहेरून काही दिसत नाही, सूज असेलच असे नाही. म्हणूनच लोकांना ते सोंग वाटते.

हा आजार शिवण्याने, उष्ट्याने किंवा रक्त दिल्याघेतल्याने होत नाही. तो जन्मतः येतो आणि आई-बाप दोघांकडून यावा लागतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मोकळे असण्याची २५ टक्के. ‘एक पोरगं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब चुकीचा आहे. दर वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते. आणि सून एकटी दोषी कधीच नसते, हे आमच्या माता-भगिनींसाठी मुद्दाम लिहून ठेवतो.

आपल्याच माणसांत तो जास्त का, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगात येतो. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये झाली. १९५८ साली मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. विदर्भात गोंड, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात वाहकांचे प्रमाण जास्त आढळते. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस इथेही हा आजार आहे. यामागचे कारण मलेरिया. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसे मेली, तिथे वाहक मुले त्या तापात जास्त तगली, म्हणून हा गुण टिकला. पुढे जातीबाहेर लग्न नाही या बंधनाने तो त्याच त्या समाजांत फिरत राहिला. बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात जातीअंतर्गत विवाह हाच जातीचा गाभा असल्याचे दाखवले होते. त्या बंधनाचा एक परिणाम रक्ताच्या अहवालातही दिसतो. यात लाज वाटावी असे काही नाही.

आता नाटकाकडे येऊ.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांना १९७१ मध्ये लष्करी राजवटीने अटक करून छळले आणि मग देश सोडावा लागला. पुढे पेरू देशात साक्षरतेच्या कामात ते एका बाईची गोष्ट मंचावर करत होते. तिचा नवरा घर बांधतो म्हणून तिच्याकडून पैसे न्यायचा आणि पावत्या म्हणून कागद आणून द्यायचा. बाईला वाचता येत नव्हते. शेजारणीने वाचून दाखवले तेव्हा कळले की ती नवऱ्याच्या मैत्रिणीची प्रेमपत्रे आहेत! आता नवरा घरी आला की तिने काय करावे, असे बोआल यांनी प्रेक्षकांना विचारले. नट सुचवलेले करून दाखवत होते. पण प्रेक्षकांतली एक दणकट बाई काही केल्या समाधानी होईना. तिचे म्हणणे नटांना कळतच नव्हते. शेवटी बोआल यांनी तिलाच मंचावर बोलावले. तिने झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला तिला काय म्हणायचे होते ते नीट समजावून दिले. बघणाऱ्याने सांगणे आणि बघणाऱ्याने करणे यांतला फरक बोआल यांना तिथे दिसला. या पद्धतीला फोरम थिएटर म्हणतात. पश्चिम बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून गावोगाव या पद्धतीने काम करते आहे.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात गरोदर बाईला ग्रहांची भीती घालून जोशी तिचे घर लुटतो, आणि विदूषक मधे मधे थांबून ही लूट प्रेक्षकांना उलगडून दाखवतो. घरातल्या दुखण्याखुपण्याची भीती आणि तिचा फायदा घेणारा माणूस हा विषय मराठी रंगभूमीवर तेव्हापासून आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने तर गाणे, फार्स आणि सवाल-जवाब यांतून वस्त्या जाग्या केल्या. आमच्या नाटकातला सूत्रधार त्या विदूषकाचाच नातू समजा.

नाटक दहा मिनिटांचे आहे. पात्रे सात: नववीतली प्रज्ञा, पाचवीतला तिचा भाऊ सम्यक, आई, बाबा, आजी, गुरुजी आणि शेजारच्या काकू. (आजीची भूमिका मुलग्यांना हवी असते, त्यावरून भांडणे होतात. होऊ द्यावीत.) डिसेंबरचा महिना, कापूस वेचणीचे दिवस.

पहिला प्रवेश, पहाट.

सम्यक : बाबा, पाय लय दुखून राह्यले.
बाबा : काल मैदानात खेळला असशील. ऊठ.
आजी : वाढीचं दुखनं हाय थे. तेल लावून देतो मी.
आई : डोळे पिवळे दिसून राह्यले याचे. दवाखान्यात न्या लागते.
बाबा : आज मजुरी बुडाली तं बाजार कशानं करू?

दुसरा प्रवेश शाळेचा. सम्यक तासाला तीनदा पाणी पितो, तीनदा लघवीला विचारतो. गुरुजी चिडतात. पीटीच्या तासाला तो बसून राहतो तेव्हा म्हणतात, “रोज याच तासाला पाय कसे दुखतात रे? मैदानाला तीन चकरा मार.” तो मारतो. तिसरा प्रवेश रात्रीचा. अंग तापलेले, श्वास लागतो आहे, काकू म्हणतात नजर लागली, बाबा म्हणतात सकाळच्या गाडीने जाऊ. चौथ्या प्रवेशात आई सम्यकला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलेली आहे.

बाबा : प्रज्ञे, माय येवस्तर घर तू पाह्य. आजीले दिसत नाही.
प्रज्ञा : बाबा, माही सहामाही हाय.
बाबा : एका पेपरानं काय होते?

प्रज्ञा दप्तर खुंटीला अडकवते आणि चुलीपुढे बसते. इथे नाटक संपते. उपाय नाही, घोषणा नाही. पहिल्यांदा पाहणारे थोडा वेळ गप्प बसतात, कोणी तरी विचारते, ‘झालं?’ मग सूत्रधार पुढे येतो आणि सांगतो की हेच नाटक आता पुन्हा पहिल्यापासून होईल. ज्या क्षणी तुम्हाला वाटेल की इथे वेगळे काही करता आले असते, त्या क्षणी ‘थांबा’ म्हणा, पुढे या, त्या पात्राची ओढणी किंवा टोपी घ्या आणि करून दाखवा. बाकीचे नट आपापल्या भूमिकेतच राहतील आणि तुम्हाला सहजासहजी जिंकू देणार नाहीत.

दोन नियम मात्र पाळायचे. ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याची किंवा त्याला मदत करू शकणाऱ्याची जागा घ्यायची. गुरुजींची जागा घेऊन एकदम प्रेमळ गुरुजी होणे चालत नाही, कारण उद्या शाळेत तसे गुरुजी मिळणार नाहीत. आणि जादू चालत नाही. बाबांना अचानक लॉटरी लागली, डॉक्टर गल्लीतच राहायला आले, असे कोणी केले की प्रेक्षकांनी ‘जादू, जादू’ म्हणून ओरडायचे. मुलांना हा नियम फार आवडतो.

आम्ही हे जिथे करून पाहिले तिथे पहिल्या प्रवेशात बहुतेक मुले बाबांवर तुटून पडतात. ‘तुम्हाला पोरापेक्षा मजुरी मोठी?’ बाबा झालेला मुलगा शांतपणे विचारतो, ‘बाजाराचे पैसे तू देतो काय?’ आणि समोरचा अडखळतो. हे अडखळणे मोलाचे आहे. कारण तो बाप दुष्ट नाही. किलोवर पैसे मिळणाऱ्या वेचणीत खाडा म्हणजे काय, हे त्या वर्गातल्या निम्म्या मुलांना घरून माहीत असते. मग कोणी तरी आई होऊन दुसरा मार्ग काढते. आज कामावर जा, पण पोराला गोधडीत ऊबदार ठेवतो, दर थोड्या वेळाने पाणी पाजतो, डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी देतो, गरम कापडाने शेकतो, आशाताईला बोलावतो, आणि दुपारपर्यंत उतार नाही पडला तर तुम्ही यायचे. इथे सूत्रधाराने थांबून सांगावे की हे बरोबर आहे आणि बर्फ किंवा थंड पट्टी दुखऱ्या जागी कधीच लावायची नाही. आजीच्या तेलालाही हसण्यावारी नेऊ नये. हलक्या हाताने लावलेल्या कोमट तेलाने नुकसान नाही, तेलावरच थांबण्याने आहे.

शाळेचा प्रवेश सगळ्यांत रंगतो. सम्यकची जागा घेऊन मुले गुरुजींशी वाद घालतात आणि हरतात, कारण पाचवीतल्या पोराने गुरुजींना उलट बोलून जिंकणे ही जादूच झाली. मग कोणी तरी प्रज्ञा होऊन मधल्या सुट्टीत गुरुजींकडे कार्डाची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जाते. इथे वाक्य घडवावे लागते आणि ते घडवण्यासाठीच हे सगळे नाटक आहे. ‘माझा भाऊ आजारी आहे, त्याला मारू नका’ या वाक्याला गुरुजी झालेला नट सहज उडवून लावतो. एका ठिकाणी चौथ्या खेपेला आलेल्या मुलीने असे म्हटले : ‘सर, सम्यकला सिकलसेल आहे. त्याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या आणि लघवीला विचारले की सोडा. पळायला लावू नका, पण खेळातून काढूही नका, दमला की बसू द्या. ताप आला किंवा छाती दुखते म्हणाला तर या नंबरवर फोन करा.’ गुरुजींना उत्तर सुचले नाही. कारण या वाक्यात दयेची याचना नव्हती, करायच्या चार गोष्टी होत्या. सूत्रधाराने इथे जोडून सांगावे की सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून अशी मुले जास्त वेळा जातात, काही मोठ्या वयापर्यंत अंथरुणात लघवी करतात. तो आळस नाही. शाळेत मिळणारी लोहाची गोळीही अशा मुलाने घ्यावी की नाही, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. त्याला रोज लागते ती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी.

रात्रीच्या प्रवेशात चर्चेला वाव ठेवू नका. इथे ‘सकाळी पाहू’ म्हणणे जिवावर बेतते. १०१ अंशांच्या वर ताप, छातीत दुखणे किंवा धाप, अचानक पांढरे पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, मुलग्यांच्या लिंगाचा ताठरपणा तासन्‌तास न उतरणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करायचा. शेवटचे लक्षण लाजेपोटी कोणी सांगत नाही. मुलांच्या गटात पुरुष कार्यकर्त्याने ते स्पष्ट शब्दांत सांगावे. या प्रवेशात एकदा मुलांकडून १०८ चा पूर्ण फोन करून घ्या: गाव, वस्ती, खूण, रुग्णाचे वय, सिकलसेल आहे हा शब्द. अंधारात घाबरलेल्या घरात पत्ता सांगतानाच गाडी चुकते.

राहिली प्रज्ञा.

तिच्या जागी येणाऱ्या मुली प्रत्येक ठिकाणी असतात, पण या प्रवेशात त्या उशिरा उठतात. आधी मुलगे येतात आणि ‘मी शाळेत जाणारच’ म्हणून बाहेर पडतात; मग सूत्रधार विचारतो, आजीला कोण जेवू घालणार? आजारी भावावर प्रेम आहे म्हणूनच ती घरी थांबते, आणि हेच तिला सोडवायला कठीण जाते. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची हकिगत आहे. तथागतांनी आणि आनंदाने मिळून त्याला धुतले. तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि खाटेवर निजवले. मग भिक्खूंना बोलावून विचारले की याची सेवा कोणीच का करत नव्हते. तिथे उचलायला दोन माणसे होती आणि जाब सगळ्या संघाला विचारला गेला. आपल्या घरांत मात्र हे उचलणे चौदा वर्षांच्या पोरीच्या एकटीच्या डोक्यावर येते, आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही.

एका वस्तीत प्रज्ञा झालेल्या मुलीने बाबांशी वादच घातला नाही. तिने वही काढली आणि त्यांच्यापुढे बसून विचारायला सुरुवात केली. सकाळचे पाणी कोण भरेल? आजीला दुपारी कोण वाढेल? पेपर तीनच दिवस आहेत, तीन दिवस काकूंकडे आजीचे ताट जाईल का? बाबांना भाकर थापता येत नाही, पण भात लावता येतो ना? ‘भात लावता येतो’ यावर बायकांच्या बाजूने जो हशा झाला तो बराच वेळ चालला. बाबा झालेला मुलगा खरोखरच गोंधळला आणि म्हणाला, ‘कुकरच्या शिट्या किती करायच्या?’ आम्हाला विचाराल तर त्या संध्याकाळचे सगळ्यांत मोठे यश हे होते. तोवर कोणत्याही बापाच्या तोंडून तो प्रश्न आला नव्हता.

मोठ्या मुलांबरोबर करताना लग्नाचा एक प्रवेश जोडता येतो. प्रज्ञाच्या मामेबहिणीला स्थळ येते आणि घरातले ठरवतात की ती वाहक असल्याचे बोलायचे नाही. यावर आमचे मत सांगून टाकतो. लग्नाआधी दोघांनीही तपासणी करावी आणि निकाल एकमेकांना सांगावा, यात शंका नाही. पण ‘वाहक मुलगी नको’ हा निष्कर्ष काढणे म्हणजे पत्रिका टाकून देऊन तिच्या जागी रक्ताची पत्रिका मांडणे आहे. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्याशी झाले तर मूल रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असूनही लग्न करायचे असेल तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रात होऊ शकते, त्याबद्दल आधीच समुपदेशन घ्यावे. लपवण्याचा आणि नाकारण्याचा, दोन्हींचा फटका मुलीलाच बसतो, हे प्रवेशातून आपोआप दिसते. त्यावर भाषण करू नये.

काही पथ्ये. ज्या मुलाला खरोखर सिकलसेल आहे त्याला सम्यक करायला लावू नका. ‘इथे कोणाच्या घरी आहे, हात वर करा’ असे कधीच विचारू नका. ज्याला सांगायचे तो नंतर येऊन सांगतो, म्हणून प्रयोगानंतर अर्धा तास कोणी तरी शांतपणे बसून राहावे. रडणाऱ्या मुलाला मंचावर ओढू नये. आशाताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला आधी नाटक दाखवून घ्या, म्हणजे चुकीची माहिती जागच्या जागी दुरुस्त होते.

आणि प्रयोगानंतर लोक जे विचारतात त्याची उत्तरे सूत्रधाराच्या खिशात हवीत. रक्ताची पहिली चाचणी, सोल्युबिलिटी, सरकारी केंद्रात होते. ती सकारात्मक आली तरी माणूस वाहक की रुग्ण हे त्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावीच लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाची पहिली चाचणी भरवशाची नसते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत राहूनच घ्यायचे आणि गरोदरपण ठरवताना आधी डॉक्टरांशी बोलायचे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी, त्यावर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मागता येतो. एसटीच्या प्रवास सवलतीसाठी कोणते कागद लागतात ते जवळच्या आगारात विचारावे. थंडी पडायच्या आत, दिवाळीच्या सुट्टीत तालीम सुरू केली तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रयोग उभा राहतो.